पाहुण्यांचा कप्पा

खोली तीन मीटर बाय दोन-चाळीस.
एलेउतेरियोनं दोनदा मोजली,
दुसऱ्यांदा फीत जरा सैल धरून.

फोनवर आम्ही तिला पाहुण्यांची खोली म्हणतो.
एरवी तो म्हणतो वर्कशॉप,
मी म्हणते विणकामाची खोली,
आणि गास्तोन काहीच म्हणत नाही,
नुसता आपला पाणबुड्याचा सूट दाराआड टांगून जातो;
रात्री दिवा लावावा तर
कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं.

एक ना धड, भाराभर चिंध्या.
जुन्या घराला लाल पत्रा होता, मागे शेड होती.
शेड म्हणजे काय, ते ती विकल्यावर कळतं.
इथे तिसरा मजला. पुंता अरेनासचा वारा
तिथे कुंपणाशी भांडायचा,
इथे थेट काचेशी येऊन बोलतो.

सतरा रेडिओ. त्यातले पाच बोलतात.
विणायचं यंत्र, एक दात पडलेलं.
इस्त्रीची फळी.
कालाफातेच्या जामच्या सहा बरण्या,
शेजारच्या म्लादिनिचबाईंनी नव्या घरासाठी म्हणून दिलेल्या.
आणि सोफा. तो उघडला की पलंग होतो,
आणि पलंग झाला की दार
फक्त मांजराएवढं उघडतं.
आमच्याकडे मांजर नाही.

दोन महिने आम्ही त्या खोलीत भांडलो,
मोठ्यानं नाही, सामान सरकवून.
सकाळी खिडकीशी माझं यंत्र,
संध्याकाळी परत येऊन बघते तर
खिडकीशी त्याचं सोल्डरिंगचं टेबल,
आणि तो पेपर वाचतोय, शहाण्यासारखा.
शेवटी तह झाला:
उजेड माझा, प्लग त्याचे,
आणि कपाटातला सगळ्यात वरचा कप्पा
ओतिलियाचा.

ओतिलिया त्याची थोरली बहीण, चिलोए बेटावरची.
फेब्रुवारीत येते म्हणाली होती.
मी कप्पा रिकामा केला, पुसला,
एक टॉवेल ठेवला, एक न उघडलेला साबण.

रिकामा कप्पा घरात टिकत नाही.
दर आठवड्याला त्यात काहीतरी उगवायचं,
एखादी बॅटरी, सुतळीचा गुंडा,
कशाचा तरी स्क्रू, जो टाकवत नाही.
मी काढायची. पुन्हा पुसायची.
फेब्रुवारीत तिचा गुडघा आडवा आला,
एप्रिलमध्ये समुद्र.
नंतर तिनं कारण सांगणं सोडलं,
आम्ही विचारणं.
साबणाचा वास तेवढा कागदातून बाहेर येऊ लागला.

जुलैत इथे दहाला उजाडतं.
रात्र संपता संपत नाही, त्यातलीच एक.
झोप येईना. उठले,
रेडिओ एकावर एक रचले, सोफा उघडला,
आणि मग लक्षात आलं,
मी आत अडकलेय.

पडून राहिले.
पाहुण्याला काय काय दिसतं ते पाहिलं:
छताला पावाच्या आकाराचा डाग,
सामुद्रधुनीत नांगरलेल्या जहाजाचा एकच दिवा,
सुटाचे दोन रिकामे पाय.
दिव्याचं बटण हाताला वीतभर कमी.
इतके दिवस मी ही खोली उभ्यानंच आवरत होते.

"कोण आहे?" बाहेरून आवाज.
"पाहुणी," म्हटलं. "तहान लागलीय."
तो काही बोलला नाही.
नळ वाहिला, थांबला.
मांजराएवढ्या फटीतून हात आला,
त्यात पाण्याचा ग्लास, हिंदकळता.
"बाईसाहेब, आणखी काही हवंय?"

चौतीस वर्षं
हा प्रश्न या घरात, त्या घरात
मीच विचारत आलेय.
उत्तर काय द्यायचं असतं, पटकन आठवेना.

सकाळी पाहुणीसारखी चादर घडी केली.
सांगितलं, खोली छान आहे,
दिवा तेवढा जवळ घ्या.
त्यानं खरंच वायर वाढवली,
गुणगुणत, सतरा रेडिओंच्या ढिगात बसून.

दुपारी चष्मा सापडेना.
वरच्या कप्प्यात होता, टॉवेलवर,
नीट मिटून ठेवलेला.
काढला, वाचून झालं,
पुन्हा तिथेच ठेवला.